मागच्या स्पीकरमधली माणसं

सिल्वासात आवाजाचं कोणाला कौतुक नाही. तिन्ही पाळ्यांत मशिनं धडधडत असतात आणि सुटीच्या दिवशी माणसाला फक्त शांतता हवी असते. अशा गावात आम्ही चौघं रविवारी दुपारी जेवून एका खोलीत मुद्दाम आवाज ऐकायला जमायचो. मग किस्से साठणारच. एखादा प्रसंग घडतो, आपण तो हसून सोडून देतो. पुढच्या रविवारी तोच विषय पुन्हा निघतो आणि या वेळी कोणी हसत नाही. तो साठला म्हणून समजायचं.

खोली सामंतांची. सामंत मूळचे मालवणकडचे, इथे सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. राखोलीच्या रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. घरात ते आणि सुषमावहिनी. मुलगी लग्न होऊन नाशिकला. बाकी आम्ही तिघं म्हणजे चोपड्याचे महाजन, खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मितेशभाई, ज्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून सामंतांच्या सगळ्या वायरी आल्या. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारा.

आमचा उद्योग असा. जुन्या इंग्रजी रॉकचे अल्बम मुळात दोन स्पीकरांसाठी केलेले. आता त्यांच्या मूळ टेप शोधून काढतात, त्यातला एकेक आवाज सुटा करतात आणि पाच स्पीकरांत नव्याने वाटून देतात. समोर तीन, पाठीमागे दोन, ऐकणारा मधोमध. काही वेळा हे फार सुंदर होतं. काही वेळा गिटारवाला आपल्या मानगुटीवर बसलाय असं वाटतं. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, हे आम्ही दहापैकी मार्क देऊन ठरवायचो. आम्हाला कोणी विचारलेलं नव्हतं.

* * *

महाजन पहिल्यांदा आले तो रविवार.

त्यांना सामंतांनी मधल्या खुर्चीत बसवलं आणि एक संथ अल्बम लावला. महाजन मांडीवर हात ठेवून, डॉक्टरकडे बसतात तसे बसले होते. गाणं अर्ध्यावर आलं असेल. ते एकदम उठले, खुर्ची थोडी बाजूला सरकवली, मागे वळले आणि म्हणाले, "या ना, बसा."

मागे भिंत होती आणि भिंतीवर स्पीकर.

मितेशभाई हसून हसून लालबुंद झाले. महाजनही हसले. सामंतांनी समजावलं, की गाण्यात पाठीमागून कोरस येतो, नव्या माणसाचं असं होतं.

चहा पिताना महाजन मला हळूच म्हणाले, "सर, गाण्याचं नाही म्हणत मी. चपला काढल्याचा आवाज आला भो. माणूस आत येताना काढतो तसा."

* * *

एका अल्बमच्या मागच्या डाव्या स्पीकरवर आम्ही सगळेच खूश होतो. त्यातलं ऑर्गन इतकं हलकं, इतकं लांबून येणारं, की मी नऊ मार्क दिले. सामंतांनीही नऊ. मितेशभाईंचं म्हणणं पडलं, की डावीकडून थोडा वाराही येतो, ही कलाकारी आहे. त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली.

नंतर वहिनी केर काढायला आल्या. त्यांनी तो स्पीकर उचलला आणि विचारलं, "ही वायर अशी लोंबत ठेवायची असते का?"

वायर निघालेली होती. सकाळी लादी पुसताना निघाली असणार.

मग सामंत म्हणाले, "म्हणजे नाही ते आपल्याला ऐकू येतं, आणि वर त्याला आपण मार्क देतो."

मितेशभाईंनी वायर जोडली. पुन्हा तोच अल्बम लावला. ऑर्गन आता खणखणीत आलं. वारा मात्र गेला होता.

* * *

कॉलेजात असताना एक गाणं मी कॅसेटवर झिजेपर्यंत ऐकलं होतं. त्याचा नवा रीमिक्स आला तेव्हा सामंतांनी मला मुद्दाम मधली खुर्ची दिली.

गाणं सुरू व्हायच्या आधी, अगदी कानाशी, एका माणसाने श्वास घेतला. खोल, थोडा घरघरता, थंडीत घेतो तसा. त्या गायकाचा. कॅसेटवर तो कधीच ऐकू आला नव्हता, बाकीच्या वाद्यांखाली दबून गेलेला होता. मी सामंतांना तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

वहिनी दाराशी बसून लसूण सोलत होत्या. त्यांना या गाण्यांचं काही नव्हतं. एवढी वर्षं ऐकून एकाही बँडचं नाव त्यांना येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हा माणूस गेलाय ना?"

"कोण?"

"हा, श्वास घेणारा."

तो कधीच गेलेला होता. मी कॉलेजात जायच्याही आधी. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्या म्हणाल्या, "कळलं नाही, वाटलं. गेलेल्या माणसाचं गाणं ऐकवतं हो. श्वास नाही ऐकवत."

सामंतांनी गाणं पुढे जाऊ दिलं. त्या दिवशी मार्क द्यायचे राहिले.

* * *

हा किस्सा सामंत स्वतः सांगायचे, आणि दर वेळी वहिनींसमोर.

आमची एक परीक्षा असे. डोळे मिटायचे आणि आवाज जिथून येतो तिकडे बोट करायचं. मग डोळे उघडून कोणाचं बोट कुठे ते बघायचं. एका गाण्यात मधेच एक बाई हसते. छोटंसं हसू. आम्ही डोळे उघडले तर माझं, महाजनांचं आणि मितेशभाईंचं बोट मागच्या उजव्या कोपऱ्याकडे. सामंतांचं मात्र घराच्या दाराकडे.

"सामंतसाहेब, मागून आलं ना," महाजन म्हणाले.

"दारातून आलं," सामंत म्हणाले. "स्पष्ट."

पुन्हा लावलं. पुन्हा त्यांचं बोट दाराकडे. मितेशभाई म्हणाले, "साहेब, कान एक वार दाखवून घ्या." तेवढ्यात बेल वाजली. वहिनी बाजारातून आल्या होत्या, दोन्ही हातांत पिशव्या.

सामंतांनी विजयी चेहऱ्याने विचारलं, "तू जिन्यात हसलीस ना आत्ता?"

वहिनी पिशव्या खाली ठेवत म्हणाल्या, "दोन मजले ओझं घेऊन चढतेय, मी कशाला हसू?"

* * *

महाजनांच्या कानाची गोष्ट हसण्यासारखी नाही, पण ती सोडून चालणार नाही.

एका रविवारी त्यांनी तक्रार केली, की समोरचा उजवा स्पीकर बिघडलाय. ड्रमच्या झांजा त्यातून येतच नाहीत, नुसती थाप येते. आम्हाला येत होत्या. पण महाजन मशिनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारा माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवेना. मितेशभाईंनी वायर बदलली. मग उजवा स्पीकर डावीकडे आणि डावा उजवीकडे ठेवला.

"अजून उजवाच," महाजन म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि समोरच्या स्पीकरांकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसले. "लावा."

सामंतांनी लावलं. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते आमच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. गाणं संपलं.

"आता डावा बिघडला," ते म्हणाले. "स्पीकर चांगला आहे. बंद करा."

धाग्याच्या मशिनांकडे ते वर्षानुवर्षं उजवी बाजू करून उभे राहत आले होते. कानाच्या डॉक्टरने तेच सांगितलं, उजव्या कानाला बारीक आवाज ऐकू येणं गेलं, परत यायचं नाही. सामंत त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले, पर्सोनेलच्या साहेबाशी बोलले, पुन्हा गेले, आणि शेवटी महाजनांना स्टोअरमध्ये घेतलं गेलं. मशिनांपासून लांब.

मी महाजनांना विचारलं होतं, की उजवीकडे आता काय ऐकू येतं.

"शांत आहे," ते म्हणाले. "पण कोणी शांत बसलेलं असतं ना, तसं शांत. कोणी नसल्यासारखं नाही."

* * *

सामंत गेले ते उन्हाळ्यात. ऑफिसात, फोनवर बोलता बोलता. पलीकडचा माणूस बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिला असं म्हणतात.

आमचं जमणं थांबलं. खोली वहिनींनी बंद करून ठेवली. मुलगी नाशिकला घेऊन जाते म्हणाली, तर वहिनी दोन वेळा जाऊन परत आल्या. दिवाळीनंतर त्यांचा मला फोन आला.

"रविवारी या सगळे. आणि मितेशभाईंना सांगा, सेट तपासायचाय. मी खोलीत जरा हलवाहलव केलीय."

गेलो. त्यांनी मोठा सोफा मुलीकडे पाठवला होता, जाड पडदेही काढले होते. खोली मोकळी, उजेडाची झाली होती. मितेशभाईंनी एक अल्बम लावला आणि लगेच बंद केला. सगळे आवाज भिंतींवर आपटून परत येत होते.

"माप नवीन घ्यावं लागेल," ते म्हणाले.

माप म्हणजे असं. सेटबरोबर एक छोटा माइक येतो. तो स्टँडवर लावून ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर ठेवायचा. माणसांनी बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं. मग सेट एकेका स्पीकरमधून शीळ घातल्यासारखा आवाज काढतो, स्वतःच तो माइकमधून ऐकतो आणि त्यावरून खोली समजून घेतो. खोलीत कोणी बोललं, की तो थांबतो आणि टीव्हीवर अक्षरं येतात: खोलीत आवाज आहे, कृपया शांत राहा. सामंतांच्या हयातीत हे माप एका झटक्यात कधी झालं नव्हतं, कारण त्यांना राहवायचं नाही. दारात उभं राहून 'आता डावा, आता मागचा' असं काहीतरी बोलायचेच.

मितेशभाईंनी माइक लावला. पंखा बंद केला. आम्ही फोन बंद करून पॅसेजमध्ये आलो. दार बोटभर उघडं ठेवलं, टीव्ही दिसावा म्हणून. रविवारची दुपार, बिल्डिंग झोपलेली.

टीव्हीवर अक्षरं आली. खोलीत आवाज आहे.

मितेशभाई आत गेले, माइकची पिन काढून पुन्हा बसवली, बाहेर आले. पुन्हा तेच. महाजन म्हणाले, फ्रीज असेल. मी जाऊन फ्रीज बंद केला. पुन्हा तेच.

"माइक खराब झाला असेल," मी म्हणालो.

"सर, खराब माइक असा नाही करत," मितेशभाई हळू आवाजात म्हणाले. "जरा बघा."

अक्षरांखाली एक हिरवी पट्टी होती, खोलीतला आवाज दाखवणारी. आवाज वाढला की ती लांब व्हायची. माइक बिघडला असता तर ती एका जागी अडकली असती, नाहीतर नुसती थरथरली असती. ही वाढत होती, आखडत होती. पुन्हा थोडी वाढत होती, मग बराच वेळ वाढलेलीच राहत होती, मग पुन्हा आखडत होती. माणूस बोलताना आवाज चढतो, उतरतो, मधे तो श्वास घेतो, तशी.

महाजनांनी डावा कान दाराच्या फटीला लावला. कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग सरळ झाले आणि मान हलवली. काही नाही.

आमच्यापैकी कोणी आत जायला तयार नव्हतं. तसं कोणी बोलून दाखवलं नाही, पण मितेशभाईही दारापासून एक पाऊल मागे सरकले होते.

स्वयंपाकघरातून वहिनी पदराला हात पुसत आल्या. "झालं का माप?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "घेत नाही म्हणतोय."

त्यांनी आमच्यामधून वाट काढली, दार ढकललं आणि टीव्हीकडे बघितलं. हिरवी पट्टी वाढत होती. त्या थोडा वेळ ती बघत राहिल्या. मग रिकाम्या खोलीला, रोजच्या आवाजात, थोडं वैतागून म्हणाल्या,

"अहो, दोन मिनिटं गप्प बसा बघू. त्याला मोजू दे."

पट्टी आखडली. समोरच्या डाव्या स्पीकरने पहिली शीळ घातली.