यमुनाताईंना हवी होती ती शांतता

यमुनाताई भोईर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या आणि सत्तरीच्या म्हातारीसारख्या वाकून चालत होत्या. भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या वर आमच्या नाट्यमंडळाची तालमीची खोली होती. नाटकात काम मिळेल या आशेने मी, एकोणीस वर्षांची मुलगी, टेमघरहून येऊन त्या खोलीच्या दारात उभी होते. खाली लूमची खडखड एवढी चालली होती, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. तरी त्या वाकलेल्या बाईंचा प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत स्वच्छ पोहोचत होता. मला त्या खरोखरच आजी वाटल्या. मी पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली आणि सगळी खोली हसली. त्या हसल्या नाहीत. कंबर सरळ करीत म्हणाल्या, "तूच बस, पोरी. मना अजून तीस वर्सं तरी खुर्ची लागनार न्हाय."

मला काम मिळाले नाही, हातात नाटकाची वही मिळाली. मी प्रॉम्प्टर झाले. पुढची बावीस वर्षे मी यमुनाताईंना विंगेतून, बाजूने पाहिले. आपण प्रेक्षकांनी त्यांचा चेहरा पाहिला असेल. हशा येण्याआधी त्या जो छोटासा श्वास घेत, तो मात्र माझ्या वाट्याला आला. त्यांच्या अमृतमहोत्सवी वर्षात निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला सांगितले गेले, तेव्हा मला सर्वप्रथम तो श्वास आठवला, आणि ते दिवस परत यावेत असे फार वाटले.

यमुनाताईंचे सासर काल्हेरचे, घर शेतकऱ्याचे. शेतीवर भागेना म्हणून त्या सकाळी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला येत. बाविसाव्या वर्षी त्या रंगमंचावर आल्या, तेही अपघाताने. गावच्या जत्रेतल्या नाटकात म्हातारीचे काम करणारे गृहस्थ आजारी पडले आणि कोणीतरी भोईरांच्या या थट्टेखोर सुनेला उभे केले. नायक चाळिशीचा होता, त्याची आई बावीस वर्षांची! चाल त्यांनी आपल्या सासूबाईंची उचलली होती. सासूबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसल्या आणि घरी जाताना विचारू लागल्या, "ती म्हातारी कोनाची गं? अगदी वलखीची वाटली."

त्या दिवसापासून यमुनाताई म्हाताऱ्या झाल्या त्या कायमच्या. भांडखोर सासू, बहिरी आत्या, नवस बोलणारी आजी. तरुण स्त्रीचे काम त्यांना कोणी दिले नाही, आणि ज्यात डोळ्यांना पदर लावायचा, असे काम तर नाहीच.

विनोदाबाबत त्या कडक होत्या. एकदा आमच्या दिग्दर्शकांनी लूमवर काम करणाऱ्या परप्रांतीय कारागिराची, त्याच्या भाषेची टर उडवणारा प्रवेश लिहून आणला. यमुनाताईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "त्यांच्याच लूमच्या कांड्या मी भरते. त्यांच्यावर हसवू? हसवायचं त माझ्यावर हसवा." प्रवेश बदलला गेला. त्याच कारखान्यातले वयस्कर कारागीर रहमतचाचा यांना मराठी जेमतेम कळत असे. पण ताई दोन दिवस तालमीला आल्या नाहीत, तेव्हा ते जिना चढून वर आले आणि मला विचारू लागले, "बेटी, बाई की आवाज नहीं आ रही. तबीयत तो ठीक है?" लूमच्या आवाजातही ते खालून ताईंची तालीम ऐकत असत, हे आम्हाला तेव्हा कळले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजण्यासारखे नाहीत. माझ्या वडिलांनी नाटक बंद केले, तेव्हा त्या न बोलावता आमच्या घरी आल्या. वडिलांनी स्पष्ट सांगितले, "आमच्या घरच्या मुली नाटकात जात नाहीत." ताई म्हणाल्या, "दादा, माझ्या घरच्याही जात नव्हत्या. मी गेले, काय वाकडं झालं सांगा. पोरीला रोज तुमच्या दारात आनून सोडीन." आणि त्यांनी तो शब्द पाळला. तालीम संपली की शेअर रिक्षाने मला टेमघरला सोडून त्या उलट्या काल्हेरला जात. कित्येक महिन्यांनी वडीलच त्यांना म्हणाले, की आता नको एवढा त्रास घेऊ.

आता एक प्रसंग सांगते. तो सांगावा की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी ताईंनाच विचारले. "लिव," म्हणाल्या.

त्या तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. आमच्या एका गंभीर नाटकातली नायिका ऐन प्रयोगाच्या दिवशी तापाने फणफणली. तिकिटे विकली गेली होती. सगळी नाटके मुखपाठ असलेल्या एकट्या यमुनाताईच. दिग्दर्शकांनी नाइलाजाने त्यांना उभे केले. पहिले दोन अंक कसेबसे निभावले. तिसऱ्या अंकात नायिकेला पतीच्या निधनाचे पत्र येते. ताईंनी पत्र उघडले, वाचले आणि त्या सावकाश खाली बसल्या. इतके खरे बसणे मी रंगमंचावर क्वचित पाहिले आहे. आणि सभागृह हसले. त्या थांबल्या. हसू ओसरले, त्यांनी वाक्य म्हटले. पुन्हा हशा. मी विंगेतून पुढचे वाक्य कुजबुजले. मग ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, हातातले पत्र उलटे धरले आणि अक्षर लागत नसल्यासारखे डोळे बारीक केले. सभागृह हसून कोसळले. प्रयोग वाचला.

नंतर रंगपटात ताई तो पत्राचा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी प्रेक्षकांवर चिडले होते. त्या म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं? वीस वर्सं मीच सवय लावली. यमुनाचा पदर दिसला का हसायचं." कागदाची घडी घालून म्हणाल्या, "पन मंगल, एकदा सगली गप बसलेली बघायची हायत मना. एकदाच."

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

पुढे मंडळ विस्कटले. भांडण झाले नाही. काल्हेरला गोदामे आली, आमचे नट शिफ्टमध्ये गेले, कोणाची ड्युटी कोणाला जुळेना. तालमीची खोली गेली. जत्रेचे नाटक ज्या मोकळ्या जागेवर व्हायचे, तिथे आज ट्रक मागे घेतात. मी शाळेत शिक्षिका होते, तेवढेच उरले. वर्गात कविता शिकवताना मुले हसली, की क्षणभर मला विंगेत असल्यासारखे वाटे आणि मग घंटा होई. त्या काळाची आठवण मला ज्या ओढीने येते, तशी माझ्या माहेराचीही येत नाही.

यमुनाताईंचे नाव महाराष्ट्रभर झाले ते सहासष्टाव्या वर्षी. एका मालिकेत त्यांना खाष्ट पण प्रेमळ आजीचे काम मिळाले आणि त्यांचे एक वाक्य घराघरांत गेले. नाक्यावर रिक्षा थांबवून लोक त्यांच्याबरोबर फोटो काढू लागले. "आजी, ते वाक्य म्हणा ना!" त्यांनी कधीही कोणाला नाही म्हटले नाही. मालिका संपल्यावर त्यांची धाकटी बहीण वारली. दहाव्याला खाडीकाठी सगळे जमले होते. परगावहून आलेल्या, बहिणीच्या सासरकडच्या एका लांबच्या नातेवाईक बाईंनी त्यांना ओळखले आणि न राहवून तीच फर्माईश केली. मी शेजारी होते. ताईंनी ते वाक्य म्हटले. हळू आवाजात, पण बरोबर त्याच लयीत म्हटले. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आले. नंतर मी ताईंचा हात धरला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाव दे. तिला काय म्हाईत, माझं कोन गेलं."

त्या दिवशी घरी येऊन मी लिहायला बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये कुजबुजत आले होते, ही पहिलीच माझी. एक वृद्ध स्त्री मेलेल्या बहिणीची ट्रंक उघडते आणि तिच्या साड्या एकेक करून वाटायला काढते, एवढीच एकांकिका. लिहून पुरी व्हायला मला निवृत्ती गाठावी लागली. गेल्या वर्षी मी ती ताईंना वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारले, "ह्यात हसायचं कुठं हाय?"

"कुठेच नाही, ताई."

त्यांनी वही माझ्याकडून मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "उद्यापासून ये. सकालचीच ये, दुपारी मना झोप येते."

प्रयोग रविवारी दुपारी भिवंडीतल्याच एका लहानशा सभागृहात झाला. मी पुन्हा वही घेऊन विंगेत. ताई आल्या, तशी टाळ्यांबरोबर हसण्याची लाट आली. कोणीतरी मालिकेतले वाक्यही ओरडले. ताईंनी ट्रंक उघडली आणि नुसत्या बसून राहिल्या. हसणे विरेपर्यंत बसल्या. पहिली साडी काढली, तेव्हा मागच्या बाजूला थोडी खसखस झाली. दुसऱ्या साडीला तीही नव्हती. चौथ्या साडीला सभागृहात पंख्यांखेरीज कशाचा आवाज उरला नाही.

तेवढ्यात त्या थांबल्या. मला वाटले, वाक्य विसरल्या. मी कुजबुजले. त्यांनी मान हलवली, घडी केलेली साडी ठेवायच्या निमित्ताने विंगेपाशी आल्या आणि ओठ न हलवता विचारले, "मंगल, हायत ना गं सगली? का उठून गेली?"

"आहेत, ताई. कोणी हललेलं नाही."

"काय आवाजच न्हाय."

"तुम्हाला हीच शांतता हवी होती ना?"

"हो गं," त्या म्हणाल्या, "पन लय एकटं वाटतं हितं."

आणि त्या परत गेल्या. जिची तीसहून अधिक वर्षे वाट पाहिली, त्या शांततेत त्यांनी पुढच्या साड्या एकट्याने काढल्या. पडदा पडल्यावर लोक लगेच उठले नाहीत. मी रंगपटात पोहोचले तेव्हा माझेच डोळे वाहत होते. ताई मात्र चहा मागवून कामाला लागल्या होत्या. "आठव्या साडीनंतर एक साडी घाल," त्या म्हणाल्या, "मी तिची चोरून नेसलेली. तिथं हसू दे जरा. त्यांनाबी दम लागतो, मनाबी. मग परत गप करते मी."

ती साडी मी घातली आहे. पुढच्या महिन्यात काल्हेरला प्रयोग आहे.

यमुनाताईंना उदंड आयुष्य लाभावे, त्यांच्या गुडघ्यांनी आणि साखरेने थोडी सबुरी दाखवावी, डोळ्यांतला मोतीबिंदू निघून समोरची रांग त्यांना स्पष्ट दिसावी, ही त्यांच्या या प्रॉम्प्टरची मनापासूनची प्रार्थना. आपण सर्व त्यांच्यावर प्रेम करणारी माणसे आहात, म्हणून शुभेच्छांबरोबर एक विनंती करते. प्रयोगाला या. हसू आले तर भरपूर हसा. आणि जिथे त्या थांबतील, तिथे त्यांना हवा तेवढा वेळ आपणही थांबा. जागेवर बसून राहा, म्हणजे आपण आहात, हे त्यांना कळेल.