गाळलेला ट्रम्पेट

त्या तपासाचा विषय निघाला की आजही मी जरा ओशाळतो. ऐकणारे शाबासकी देतात आणि मी उगाच पाण्याचा घोट घेतो.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. वसईत मी पोलीस निरीक्षक होतो. त्याच सुमारास आमच्या ठाण्यात एक तरुण महिला उपनिरीक्षक रुजू झाली. आचोळ्याची मुलगी, सायबरचं प्रशिक्षण घेऊन आलेली. बैठकीत वरिष्ठ तिला आधी विचारू लागले आणि माझ्याकडे वळून म्हणू लागले, "तुम्हीही शिकून घ्या हे." तीस वर्षं खबऱ्यांच्या जिवावर मी चोर धरले होते. मला तिचा हेवा वाटायचा. दुसरा सोज्वळ शब्द शोधत बसत नाही.

एका सकाळी नंदाखाल या ख्रिस्ती गावचा एक तरुण फिर्याद द्यायला आला. ठाणे अंमलदाराने काय चोरीला गेलं असं विचारलं, तर तो म्हणाला, आवाज. अंमलदाराने पेन खाली ठेवून त्याला माझ्याकडे पाठवलं.

त्याने सांगितलं ते असं. संगीतकार हल्ली संगणकात वाद्य बसवतात, त्याला प्लगइन म्हणतात. त्या वाद्यात भर घालायला निरनिराळ्या आवाजांचे पॅक विकत मिळतात. याने गावच्या लग्नाच्या बँडमधलं एकेक वाद्य, एकेक सूर, चार वर्षं खपून रेकॉर्ड केला होता. पॅक घेणाऱ्याला लायसन्सची किल्ली मिळायची, त्याशिवाय तो उघडत नसे. तोच पॅक कुणीतरी बिनकुलपाचा करून एका ग्रुपवर फुकट टाकला होता. प्लगइनवाल्या कंपनीने त्याला कळवलं होतं की गळती तुमच्याकडून झाली नाही हे पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर करार संपला. या कामासाठी त्याने नोकरी सोडली होती.

गुन्हा दाखल झाला. उपनिरीक्षक बाईंनी दुसऱ्याच दिवशी निष्कर्ष आणला. विकलेल्या प्रत्येक प्रतीत गिऱ्हाइकाची छुपी खूण असते. फुकट वाटलेल्या प्रतीत कुणाचीच खूण नव्हती. म्हणजे कुलूप फोडलेलंच नाही. कुलूप लावण्याआधीचा माल बाहेर गेलाय. "साहेब, हे घरातून गेलंय," ती म्हणाली.

ती बरोबर बोलतेय हे मला त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच मी ऐकलं नाही. नालासोपाऱ्यात चोरीची गाणी भरून देणारा एक मोबाइलवाला होता, त्याच्याबद्दल माझ्या खबऱ्याने कुजबुज आणली होती. मी शिपाई घेऊन तिकडे गेलो, दुकान पालथं घातलं, पंचनामा केला. हाती काही लागलं नाही. पंधरातले चार दिवस मी माझ्या अहंकारावर उधळले. फिर्यादी रोज येऊन बाकावर बसायचा आणि काही न विचारता परत जायचा.

पाचव्या दिवशी बाईंनी माझ्या टेबलावर दोन याद्या ठेवल्या. एक मूळ पॅकची, एक फुकट वाटलेल्या प्रतीची. क्लॅरिनेट, ढोल, झांजा, सगळं दोन्हीकडे होतं. ट्रम्पेट मात्र दुसऱ्या यादीत नव्हता. तिला वाटलं, फाइल चढवताना राहून गेली असेल.

इथे माझं गाव कामी आलं. आम्ही खाडीकाठचे हिंदू शेतकरी, पण आमच्याकडच्या वरातींनाही हाच बँड यायचा. त्यांची एक रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. वादक गेला की त्याचं वाद्य त्याच्या घरचाच माणूस तोंडाला लावतो, परक्याच्या हाती ते जात नाही. ट्रम्पेट राहून गेला नसेल, कुणीतरी मुद्दाम मागे ठेवला असेल, असं मनात आलं. मी फिर्यादीला विचारलं, ट्रम्पेट कुणी वाजवला होता? बँडच्या म्हाताऱ्या मास्तरांनी, तो म्हणाला. मास्तर रेकॉर्डिंग संपल्यावर तीन महिन्यांत वारले होते.

"त्यांच्या घरी काही दिलं होतंस का?"

तो गोंधळला. मास्तर गेल्यावर चर्चमध्ये महिन्याची प्रार्थना, मिस्सा, झाली तेव्हा त्यांच्या मुलाला एक हार्ड डिस्क दिली होती, पप्पांचा आवाज घरी राहावा म्हणून. तिच्यात सगळाच पॅक होता, बिनकुलपाचा. आम्हाला हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यावर तो म्हणाला, "साहेब, ते देणं कुठे होतं? त्यांचंच त्यांना परत केलं. घरच्यांना कसलं कुलूप?"

मास्तरांच्या मुलाला नोटीस देऊन बोलावलं. पस्तिशीचा, क्लॅरिनेट वाजवणारा, शांत माणूस. दोन तास तो डिस्क हरवली म्हणत राहिला. दरडावण्यात अर्थ नव्हता. चोर पैशाचा असेल तर भीतीने बोलतो. मनात सल असलेला माणूस सलावर बोट ठेवल्याशिवाय बोलत नाही. मी त्याच्यापुढे दोन्ही याद्या सरकवल्या आणि विचारलं, "सगळ्यांचं वाटलंस, पप्पांचं का ठेवलंस?"

त्याने यादी जवळ ओढली. आपल्या सामवेदी बोलीत काहीतरी पुटपुटला, मग आमच्यासाठी मराठीत बोलला.

"मला शिकवताना पप्पा दोन ओळींत वैतागून उठायचे. याच्या रेकॉर्डिंगसाठी चार महिने बसले. दम लागायचा तरी बसले. मीच त्यांना धरून नेत होतो रोज दुपारी. आणि ते वाटेत याचंच कौतुक सांगायचे." मग म्हणाला, "याची मेहनत फुकट जावी असं वाटलं. पण पप्पांचा ट्रम्पेट कुणाच्याही हातात? तो माझा आहे."

जबाब बाई लिहून घेत होत्या. तो दुसऱ्याच्या कौतुकाबद्दल बोलत होता तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. त्या माणसाच्या पोटात जे जळत होतं ते मी चांगलं ओळखत होतो, माझ्याही पोटात तेच होतं.

डिस्क जप्त झाली. पॅक ग्रुपवर फिर्यादीने टाकला नव्हता, असं तपासाचं पत्र कंपनीला वेळेत गेलं, करार टिकला. दोषारोपपत्र वसई कोर्टात गेलं. पुढे फिर्यादीने पॅकमधून ट्रम्पेट स्वतःहून काढला आणि मास्तरांच्या घरी तसं सांगून आला. पॅकची शोभा त्यानेच होती, पण त्याने काढला.

मी मात्र काय केलं? केस डायरीत लिहिलं, 'दोन्ही प्रतींची तुलना केली असता ट्रम्पेट गाळल्याचे माझ्या निदर्शनास आले.' छुपी खूण कुणी शोधली, याद्या कुणी मांडल्या, एक अक्षर लिहिलं नाही. प्रशस्तिपत्रक माझ्या नावाने आलं. बाईंनी पेढा घेतला आणि अभिनंदन केलं.

हेवा आवाज करत नाही, तो नुसता गाळतो. त्या पोराने निदान वडिलांच्या मायेपोटी गाळलं होतं. मला तेवढीही सबब नाही.

आठवणी लिहिताना कुणाचं नाव द्यायचं नाही असा माझा शिरस्ता आहे. पण हे प्रकरण लिहून झालं तेव्हा लक्षात आलं की तिचं नाव मी पुन्हा एकदा गाळतोय. मग तिला फोन केला. ती आता दुसरीकडे निरीक्षक आहे. मी सगळं कबूल केलं आणि विचारलं, तुमचं नाव लिहू का?

ती म्हणाली, "पुस्तकात नको, साहेब. तेव्हा डायरीत लिहायला हवं होतं."