माशीमास्तरांनी सांगितलेला बुधवार

माणसं माशी हाकलतात. आमचे माशीमास्तर तिला बोलावून घ्यायचे. मलकापुरात आमच्या शेजारी ते एकटेच राहत. शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि घरी खिडकीत कलेजीचा तुकडा ठेवून बसत. वासानं गल्ली हैराण. कुणी भांडायला गेलं की म्हणायचे, "आलाच हायसा तर बघून जावा. लाल डोळं, नारिंगी गाल, अंग निळं. आज अंडी घातल्यात, उद्या अळ्या."

अंडी कवा फुटली, अळी किती वाढली, कोष कवा झाला, सगळं वहीत तासावारी लिहिलेलं. आम्ही त्यांची लय टिंगल केली. ते फक्त म्हणायचे, "माशीला कुणाची भीड पडत न्हाई."

गल्लीत नुकती केबल आली, त्या उन्हाळ्यात एका सोमवारी माझं वडिलांशी भांडण झालं. ते तणतणत घराबाहेर पडले. आई म्हणाली, "बघून ये जा रं." मी म्हणालो, "आटपाडीला आत्याकडं गेले असतील. येतील गपगुमान." शुक्रवारी सकाळी ते ओढ्याच्या घळीत सापडले. पाय मोडलेला होता.

श्राद्धाला तिथी हवी, आणि ते कधी गेले कुणालाच ठाऊक नाही. मास्तर घळीत उतरले. बराच वेळ अळ्या बघितल्या. वर येऊन म्हणाले, "बुधवार. दुपारच्या आत."

म्हणजे दोन दिवस ते तिथं जिवंत होते, आणि मी घरात क्रिकेट बघत होतो.

"आवं मास्तर, नीट बघा की," आई म्हणाली. "सोमवारीच गेलं असतील." मीही हात जोडले. सोमवार म्हणाले असते तर मी सुटलो असतो. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून बापाला दोन दिवस आधी मारू व्हय रं?"

तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. श्राद्ध मात्र त्यांच्याच बुधवारच्या तिथीला घालत होतो. ते न बोलावता येत, मागं बसत, पानात पडेल ते जेवून जात. चौथ्या वर्षी मी स्वतः त्यांना वाढलं. "बास, बास," एवढंच म्हणाले.

एका सकाळी त्यांची खिडकी उघडली नाही. शेजारी म्हणाले, "झोपलं असतील, थांब गड्या जरा." मी थांबलो नाही. दार तोडलं. मास्तर कॉटवर होते, अंग अजून कोमट. तुटक्या दारातून एक निळी माशी आत आलीच. साताऱ्याहून त्यांचा पुतण्या येईपर्यंत मी उशाशी बसून टॉवेल हलवत राहिलो. एकही बसू दिली नाही.