बारा ते दोनचा पहारा

गुरुवार, आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळी साडेअकराला मंडपात हजर: गळ्यात वीणा घेऊन उभे असलेले माझे वडील, टाळकरी सात, पारायणाला बसलेल्या बाया एकोणीस, माझी अकरा वर्षांची मुलगी सई आणि वही घेऊन मी. न बोलावता आलेले एक: सईचे बाबा.

गाव सोनईजवळचं, माझं माहेर. मी केडगावला राहते, पण सप्ताहाच्या याद्या गेली सहा वर्षं माझ्याकडेच आहेत. कुठल्या घरून किती भाकरी, टेम्पोबरोबर कोण, आमटीच्या कढईजवळ कोण, आणि सगळ्यात महत्त्वाची वीणेच्या पहाऱ्याची यादी. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दर दोन तासांनी ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वय, नातं, जात काही बघायचं नसतं. याद्या मी चोख करायचे. देवावर माझा भरवसा किती, हे मात्र त्या दिवसापर्यंत मलाही सांगता आलं नसतं. माझा भरवसा वहीवर होता.

तशीच एक वही घरी होती. चार वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, आमचं जमलं नाही एवढंच. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सईने बाबांना भेटायचं ठरलं होतं. ते संगमनेरहून एसटीने यायचे, आणि सुरुवातीला दोन-तीनदा उशीर झाला. मी तो उशीर मिनिटांसकट लिहून ठेवला. लिहिलेलं सईला कधी दाखवलं नाही, पण रविवारी सकाळी घड्याळाकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचे. पुढे रविवारी चित्रकलेचा वर्ग लागला, मग सराव परीक्षा. एक दिवस सईच म्हणाली, मला नाही भेटायचं, ते वेळेवर येत नाहीत आणि आले तरी थांबत नाहीत. मी सगळ्यांना सांगत सुटले की हे तिचं स्वतःचं मत आहे. खरं तर मला तेव्हा बरं वाटलं होतं. दीड वर्ष ती बाबांशी बोलली नव्हती. अलीकडे मात्र रविवार आला की तिच्या पोटात दुखायचं, चित्रकलेच्या रविवारीसुद्धा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. सप्ताहाला निघताना मी देवापुढे हात जोडले ते एवढ्यासाठीच, की पोरीचं दुखणं जाऊ दे. त्या दुखण्यात माझा हात असेल, हे मनाला शिवलंही नव्हतं.

तर त्या गुरुवारी ते आले आणि चपला ठेवतात त्या खांबाशी बसले. देवळातून कुणाला उठवता येत नाही. सईने त्यांना बघितलं आणि पाठ करून बसली.

बारा वाजले आणि पुढचा पहारेकरी आला नाही. वही उघडून बघते तर बारा ते दोनला भाऊसाहेबांचं नाव, आणि भाकरीच्या टेम्पोवर चालक म्हणूनही भाऊसाहेबच. वस्त्यांवरच्या भाकरी गोळा करायला टेम्पो दहालाच गेला होता आणि मळ्याच्या रस्त्यात पंक्चर होऊन उभा होता. सहा वर्षांत माझी पहिली चूक. उरलेले गडी त्याच टेम्पोबरोबर, टाळकऱ्यांत चार म्हातारे आणि तीन शाळकरी पोरं. तात्यांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे थरथरायला लागले होते. मी फोनवर फोन लावत होते. तेवढ्यात सईचे बाबा उठले, नळावर हातपाय धुऊन आले आणि तात्यांसमोर उभे राहिले. आधी तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सईच्या बाबांनी. मी मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही.

तात्या म्हणाले, "माझ्या लेकीकडं बघू नका संजयराव. वीणा खाली ठेवायची न्हाई, एवढंच आपल्याकडं हाय."

वीणा गळ्यातून गळ्यात गेली. ते तात्यांच्या पाया पडले, आणि मग माझे बहात्तर वर्षांचे वडील, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्यांच्या पायांपर्यंत वाकले. सई वळून बघत होती. आपले आबा आपल्या बाबांच्या पाया पडले, हे तिने बघितलं.

दोन वाजले, टेम्पो नाही, आणि दोनचा पहारेकरीही त्याच टेम्पोबरोबर. तीन वाजले. एका हाताने तार छेडत, दुसऱ्या हाताने चिपळ्या वाजवत ते उभेच होते. सई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, त्यांचा पहारा किती वाजेपर्यंत आहे?" मी वहीत बघितलं. त्यांचं नावच नव्हतं.

ती गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. वीणेकऱ्याचे दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पाणी दुसऱ्यानेच पाजावं लागतं. ती टाचा उंच करून उभी राहिली. अर्धं पाणी त्यांच्या मिशीवर, अर्धं सदऱ्यावर. त्यांना हसू आलं, तर उरलेलंही सांडलं.

"हलू नका ना बाबा," ती म्हणाली.

दीड वर्षांनी तो शब्द ऐकला. पारायणाच्या बायांनी पोथीवरून मान वर केली नाही, पण निम्म्याजणी पदराने डोळे पुसत होत्या.

पावणेचारला टेम्पो आला. मी रागावणार, त्याआधीच भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तुमच्या यादीत मी दोन जागी हाय, पन मानूस एकच हाय वो." मंडप हसला. मीही हसले, पोट धरून. पंगत चारला बसली. चुरलेल्या भाकरीवर आमटी वाढताना सई बाबांना विचारत होती, तुम्हाला तिखट चालतं का. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि तिला ठाऊक नसण्याची व्यवस्था मीच केली होती. वाढपी पुढे गेला तरी मी रिकाम्या पत्रावळीकडे बघत होते.

यात देवाने काय केलं आणि पंक्चरने काय केलं, याचा हिशोब मी लावत नाही. चोख यादीत एवढीच एक जागा चुकली, आणि तेवढ्यातूनच तो आत आला. जी जागा मी भरून टाकते तिथे त्याला यायला वाव राहत नाही, हे मला पन्नाशीला टेकताना कळलं. पंगतीनंतर बारा ते दोनच्या रकान्यात भाऊसाहेबांचं नाव खोडून मी संजयरावांचं नाव लिहिलं आणि पुढे वेळ टाकली: बारा ते पावणेचार. उशिरांची वही घरी आल्यावर चुलीत घातली. त्यानंतर तीन रविवार झाले. सईचं पोट दुखलेलं नाही.

एक काम राहिलंय. संगमनेरला सईची आजी आहे, तिने नातीला तीन वर्षं बघितलेलं नाही. तिला फोन मीच करायचा आहे, संजयरावांनी नाही. रोजच्या कामांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे. आजही त्याच्यापुढे खूण झालेली नाही.