बंद प्रेसमधली हजेरी

भीमराजच्या केसांत कापूस येतो कुठून, हा प्रश्न सत्यशीलाबाईंच्या मनातून जाईना.

त्यांचा हा मुलगा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. मजुरांची संघटना केली म्हणून बासष्ट साली मालकानं त्याला काढलं. निकाल लागेपर्यंत त्याला कामावर ठेवा, असा हुकूम नागपूरच्या हायकोर्टानं दिला. मालकानं हुकूम पाळला. रोज भोंग्याला हजेरी घ्यायची आणि कापसाच्या गाठी दाबायच्या जुन्या, बंद प्रेसच्या खोलीत त्याला दिवसभर एकटं बसवायचं. एक दिवस चुकला, तर यानंच काम सोडलं म्हणायला मालक मोकळा.

त्या खोलीत मशीन नव्हती. सात वर्षांपूर्वी नागोराव नावाचा मजूर तिच्यात सापडून मेला, तेव्हाच ती काढून नेली होती. तरी रोज संध्याकाळी भीमराजच्या पापण्यांवर ताजी रुई असे.

"काहून रे, आज तरी कोणी बोललं का तुह्याशी?"

"बोलाले टाइम कोठी हाये, माय? प्रेस जोरात चालू हाये." तो हसला. "नागोराव म्हणते, उद्या तू पेटीत उतरून कापूस तुडव, मी वरून दाबतो."

"उद्या नोको जाऊ, बाप्पा."

"नाही गेलो तं केस जाते."

तो जेवायला बसला. त्याचं खरंच होतं, पण कोर्टानं काम द्यायला सांगितलं होतं, असं एकटं कोंडून ठेवायला नव्हे. वकील नीळकंठरावांना हे आजच कळायला हवं होतं. सत्यशीलाबाईंनी चपला घातल्या आणि नागपूरला ट्रंककॉल लावायला त्या तारघराकडे निघाल्या.