गजांची खिडकी

निघायच्या दिवशी युसूफ वडगाव या आमच्या गावी दारात जीप उभी होती आणि माझे वडील, अण्णा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा स्पीकर लावून कॅनडाला बोलत होते. पलीकडून दत्तामामा म्हणाले, "पोरगी माजी हाय दाजी. तुमी बिनघोर ऱ्हावा." अण्णांनी फोन खिशात घातला आणि जमलेल्यांकडे असं पाहिलं, की मी जणू माजलगावला आत्याकडे निघाले होते. माझ्या सामानात माझ्या कपड्यांपेक्षा मामांसाठीची ज्वारी आणि काळा मसालाच जास्त होता.

दत्तामामा आईचे मानलेले भाऊ. कॉलेजात असताना आमच्याच घरी राहिले, आईच्या हातच्या भाकरी खाऊन शिकले. त्यामुळे त्यांनी आपल्या घराचं बेसमेंट आम्हाला राहायला दिलं, तेव्हा मी किंवा माझ्या नवऱ्यानं ती खोली निरखून पाहिलीच नाही. आपल्या माणसानं दिलेल्या जागेत आपल्याकडे खोट काढत नाहीत. खिडकी एकच, छताला लागून, परातीएवढी, आणि तिला बाहेरून लोखंडी गज. खरं सांगते, गज बघून मला बरंच वाटलं. शेजारच्या घरांना ते नव्हते, ती घरं मला उघडीबोडकी वाटायची. वडगावात गजांशिवाय खिडकी कोण बसवतं? आईला व्हिडिओवर मी सगळ्यात आधी गजच दाखवले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी, जिन्याखालच्या कपडे वाळवायच्या मशीननं पेट घेतला. नवरा कामावर, मामा-मामी बाहेर, खाली मी आणि झोपलेली माझी लेक सई. मी फोन करून मदत मागवली, पण तोवर जिना धुरानं भरला होता. खुर्चीवर चढून काच फोडली आणि गज धरून हलवत राहिले. ते आमच्या वडगावच्या गजांइतकेच पक्के होते. शेवटी आगीच्या बंबाची माणसं मास्क लावून जिन्यानं खाली आली आणि त्यांनी आम्हाला उचलून नेलं. सईच्या छातीत पुढे कितीतरी दिवस घरघर होती.

सई अजून अँब्युलन्समध्येच होती, तेव्हा तपासणीला आलेल्या बाईंनी मामांना विचारलं, खाली कोण झोपतं? मामा इंग्रजीत म्हणाले, कुणीच नाही, खाली सामान असतं, ही मंडळी पाहुणी आहेत. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "व्हय म्हण. घरची गोष्ट हाय." तेव्हा बाईंनीच सांगितलं, की माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी बसवल्याशिवाय आणि गज उतरवल्याशिवाय इथे कुणाला झोपवू नका, असं मामांना आम्ही येण्याआधीच बजावलं होतं. म्हणजे मामांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून त्यांनी माझ्या लेकराचं अंथरूण तिथे घातलं. मी खरं ते सांगून टाकलं: आम्ही तिघं इथेच झोपतो.

वडगावात आगीच्या आधी माझी तक्रारच पोचली. अण्णांचा फोन आला. "लेकरू वाचलं न्हवं? मग कशाला वाढवायचं? आपल्या माणसाला असं उघडं पाडत न्हाईत." सईची छाती कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मामांनी दगा दिला, तो मी एक वेळ पचवला. अण्णांचं ते वाक्य अजून घशाखाली उतरत नाही.

आता आमचं स्वतःचं घर आहे आणि ओळखीच्यांत मी खिडकीवाली म्हणून बदनाम आहे. नवे आलेले आपले लोक खिडक्या घेताना मला फोन करतात, आणि मी त्यांना रंगाचं काही विचारूच देत नाही. किल्ली-पाना न लागता आतून उघडते का? लेकराचा हात कडीला पोचतो का? सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून मी झोपायच्या खोल्यांना दारासारखी सताड उघडणारी घेतली. बेसमेंटच्या खिडकीबाहेर रुंद खड्डा खणून त्यात शिडी बसवली. दुकानदार मापं सांगत होता, तेव्हा मी मांडून ठेवलेल्या खिडकीतून सरळ पलीकडे उतरून दाखवलं. माझ्यामागून सईनंही उडी मारली.

या उन्हाळ्यात आई-अण्णा इकडे येतायत. परवा अण्णा म्हणाले, "पयले आठ दिवस दत्ताकडं उतरतो. त्याचा मान हाय. खालची खोली देतोय, तुमचीच ती."

मी विचारलं, "गज काढलेत का त्यानं?"

"कशाला काढंल? चांगले मजबूत हायेत. व्हिडिओवर दावले मला."

"अण्णा, तितं झोपायचं न्हाई तुमी."

"कावून?"

कावून! का म्हणे! म्हणजे माझी आग इतकी वर्षं त्यांनी बायकांचं भांडण ऐकावं तशी ऐकली होती. वडगावात माझं घर आहे, असं मी आजवर धरून चालले होते. आता सई जिथून स्वतःच्या हातानं बाहेर पडू शकते, तेवढंच माझं घर उरलंय. मी म्हटलं, "यायचं तर सरळ हितं या."

अण्णांनी फोन आईकडे दिला. आई हळूच म्हणाली, "मला ह्येंच्यासंगं ऱ्हावंच लागंल बाई. ती खिडकी आतून कशी उघडायची, तेवढं सांगून ठेव."

"ती उघडत न्हाई, आई."