पोपाचा पैसा आणि आमचा मारोती

मी अकोल्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या कॉलनीतल्या मारोतीची वर्गणी सिमेंटच्या दुकानाच्या गल्ल्यात पडते, हे मला कधीच सहन झालं नाही. मंदिराचा खजिनदारच दुकानदार. महाप्रसादाला पैसे वेळेवर काढतो, पण वर्षभर त्याच पैशावर स्वतःचा माल भरतो. व्याजाच्या नावानं मंदिराला थंड पाण्याची टाकी दिली, तर तिच्यावर देवापेक्षा दुकानाचं नाव मोठं!

यंदाच्या सभेत मी उभाच राहिलो. म्हटलं, मध्ययुगात पोपानंही हाच घोळ घातला. देशोदेशीच्या चर्चमधून त्याच्यासाठी गोळा झालेला पैसा इटलीचे व्यापारी सांभाळायचे. व्याज देणंघेणं पाप, म्हणून ते नजराणे द्यायचे आणि त्याच पैशावर धंदा करायचे.

आमचे अध्यक्ष रिटायर्ड तलाठी. ते एकदम सावरून बसले.

"म्हणजे एवढ्या मोठ्या पोपाचाबी पैसा दुकानदारापाशीच राहे?"

"हो, पण राजेलोकांना उधार देऊन त्या व्यापाऱ्यांच्या कित्येक पेढ्या बुडाल्या!" मी टेबलावर हात आपटला.

"अन् पोप बुडाला का, सर?"

इतिहासाच्या माणसाला इथं खोटं बोलता येईना. "नाही," मी म्हटलं, "पोप अजून आहे."

"मंग आपला मारोती कावून बुडन?"

खजिनदाराची एकमतानं फेरनिवड झाली. अनुमोदक म्हणून माझं नाव लिहिलं गेलं.